आयसीयूतलं डायलिसिस: पाणी किती काढलं, आणि किती वेगाने?

आयसीयूबाहेर बसलेल्या नातेवाइकांच्या हाती डायलिसिसबद्दल रोज एकच आकडा पडतो: आज किती पाणी काढलं. दोन लिटर म्हटलं की जरा हायसं वाटतं, पाचशे मिली म्हटलं की चेहरा उतरतो. "आज काढलंच नाही" असं ऐकलं तर कुणाची तरी हयगय झाली असावी अशी शंकाही येते. आकडा खोटा नसतो, पण एकट्या आकड्यावरून फारसं काही कळत नाही. ते दोन लिटर किती तासांत निघाले, त्याच वेळात औषधं आणि सलाईनमधून किती आत गेलं, आणि पाणी निघत असताना शरीराने ते कसं सोसलं, हे कळलं तरच त्या दोन लिटरचा काही अर्थ लागतो. आयसीयूतल्या डायलिसिसमधला सगळ्यात जोखमीचा भाग या सोसण्यावर नजर ठेवण्याचा आहे, आणि यंत्राला तो करता येत नाही.

आधी एवढं पाणी साचतं कसं ते पाहू. रक्तात जंतुसंसर्ग पसरून बीपी कोसळलेला रुग्ण येतो तेव्हा पहिल्या काही तासांत त्याला भरपूर द्रव द्यावा लागतो. सेप्सिसच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्ये पहिल्या तीन तासांत दर किलो वजनामागे किमान ३० मिली, म्हणजे ७० किलोच्या माणसाला साधारण २१०० मिली द्यावेत असं सुचवलेलं आहे. हे चुकीचं नाही. त्या वेळी त्याचाच आधार असतो. पण नंतर जे आत जातं त्याकडे सहसा कुणी बोट दाखवत नाही. प्रत्येक अँटिबायोटिक १०० मिलीत मिसळून दिलं जातं, झोपेचं औषध चालू असतं, बीपीचं औषध चालू असतं, नळीतून अन्न चालू असतं, नळ्या बंद पडू नयेत म्हणून थोडं सलाईन सोडलेलं असतं. कुणी मुद्दाम द्रव "चढवत" नसतानाही दिवसाला दीड-दोन लिटर सहज आत जातात. मूत्रपिंडं बंद असली तर बाहेर पडायला श्वास, घाम आणि शौच एवढ्याच वाटा उरतात. चार-पाच दिवसांत सात-आठ लिटर शिल्लक राहणं मुळीच दुर्मिळ नाही.

ही शिल्लक भरतीच्या वेळच्या वजनाच्या टक्केवारीत मोजतात. ७० किलोच्या माणसाच्या अंगात सात लिटर जादा साचले की झाले १० टक्के. हा १० टक्क्यांचा आकडा वैद्यकीय लिखाणात वारंवार दिसतो, कारण त्यापुढे गेलेल्या रुग्णांमध्ये मृत्यूचं प्रमाण जास्त असल्याचं अनेक निरीक्षणांत आढळलं आहे. अर्थात, जास्त आजारी माणसालाच जास्त द्रव द्यावा लागतो, त्यामुळे सगळा दोष पाण्याचाच आहे असं म्हणता येत नाही. तरी साचलेलं पाणी त्रास देतंच. फुफ्फुसं ओली राहिली की व्हेंटिलेटर सुटत नाही. आतडी सुजली की अन्न पचत नाही. जखमा भरायला वेळ लागतो. आणि मूत्रपिंडाभोवती घट्ट आवरण असल्यामुळे आतली सूज त्यालाच दाबते. शिरांमधला दाब वाढला की रक्ताला मूत्रपिंडातून पुढे सरकायला वाव मिळत नाही. म्हणजे बंद मूत्रपिंडामुळे पाणी साचतं आणि साचलेलं पाणी मूत्रपिंडाला सुरू होऊ देत नाही. फुफ्फुसाला गंभीर इजा झालेल्या सुमारे १००० रुग्णांवर अमेरिकेत झालेल्या आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत द्रव हात राखून दिलेल्या गटाचे मृत्यू लक्षणीयरीत्या कमी झाले नाहीत, पण त्यांचा व्हेंटिलेटर मात्र लवकर सुटला.

मग काढून टाका की सगळं पाणी पटकन! इथेच खरी मेख आहे.

पाणी कुठे आहे आणि यंत्र कुठून ओढतं

७० किलोच्या प्रौढ माणसाच्या शरीरात साधारण ४२ लिटर पाणी असतं. त्यातलं २८ लिटर पेशींच्या आत, १४ लिटर बाहेर. या बाहेरच्या १४ लिटरपैकी बहुतेक पाणी पेशींमधल्या फटींत, ऊतींमध्ये असतं. रक्तवाहिन्यांच्या आत, रक्ताचा द्रवभाग म्हणून, फिरतं ते जेमतेम तीन लिटर. सूज येते तेव्हा जादाचं पाणी मुख्यतः ऊतींमध्ये साठतं. डायलिसिसचं यंत्र मात्र फक्त रक्ताला हात लावू शकतं. पायावरची सूज थेट ओढून घेण्याची कुठलीही सोय त्याच्यात नाही.

विहीर उपसताना जे होतं तेच इथे होतं. पंप विहिरीतलं पाणी ओढतो आणि झरे ती पुन्हा भरतात. झऱ्यांच्या वेगाने उपसा केला तर दिवसभर पाणी काढता येतं. त्याहून जोरात केला तर आजूबाजूची जमीन चिंब असूनही विहीर कोरडी पडते. रक्तवाहिन्या म्हणजे ही तीन लिटरची विहीर. ऊतींमधून रक्तात पाणी परत येण्याचा वेग म्हणजे झरे. सुजून गेलेल्या, दहा लिटर पाणी जास्त असलेल्या रुग्णाचंही बीपी डायलिसिस सुरू झाल्यावर तासाभरात कोसळू शकतं, ते यामुळे. "एवढी सूज आहे, मग बीपी कमी कसं?" या प्रश्नाचं उत्तर इतकंच.

आणि आयसीयूतल्या माणसाचे झरे मंद असतात. निरोगी शरीरात रक्तातली प्रथिनं, विशेषतः अल्ब्युमिन, पाणी रक्तवाहिनीकडे खेचून धरतात. सेप्सिसमध्ये केशवाहिन्यांच्या भिंती गळक्या होतात, अल्ब्युमिन बाहेर निसटतं, शिवाय यकृतही ते कमी बनवतं. ओढ कमी झाली की पाणी परतायला वेळ लागतो. पाणी कमी झाल्यावर एरवी शिरा आवळल्या जातात, हृदय जोराने चालतं आणि दाब टिकतो. इथे शिरा ढिल्या पडलेल्या, हृदय दमलेलं, त्यात झोपेची औषधं. घरून येऊन डायलिसिस करून परत जाणारा रुग्ण जो वेग सहन करतो, तो इथे चालत नाही.

याला एक ऐतिहासिक बाजूही आहे आणि ती मला फार बोलकी वाटते. नेदरलँड्समध्ये विलेम कॉल्फ यांनी १९४३ साली रुग्णांवर वापरलेल्या पहिल्या कृत्रिम मूत्रपिंडात रक्त शुद्ध करण्याची सोय होती, पण पाणी मोजून-मापून काढता येत नव्हतं. ती सोय त्याच दशकात स्वीडनमध्ये लुंड इथे निल्स आल्वाल यांनी केली: गाळणीला बंद डब्यात बसवून बाहेरून दाब कमी-जास्त करायचा, म्हणजे पाणी हवं तसं निघतं. पुढे १९७७ साली जर्मनीत ग्यॉटिंगेन इथे पेटर क्रामर यांनी अत्यवस्थ रुग्णांसाठी एक साधी रचना मांडली. तिच्यात पंपच नव्हता. रुग्णाच्या धमनीतलं रक्त त्याच्या स्वतःच्या दाबाने फिल्टरमधून जायचं आणि शिरेत परत यायचं. त्यामुळे बीपी पडलं की पाणी निघणंही आपोआप मंदावायचं. रचना लहरी होती, रक्त साफ करायला कमी पडायची, पण तिच्यात एक नैसर्गिक ब्रेक होता. आजच्या यंत्रांना पंप आहेत. ती अचूक आहेत, दमदार आहेत, आणि रुग्णाचं बीपी ६० पर्यंत घसरलं तरी ठरवून दिलेलं पाणी तितक्याच निष्ठेने ओढत राहतात. तो ब्रेक आता खाटेशेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या हातात आहे.

तेच पाणी, वेगवेगळे तास

आयसीयूत डायलिसिस साधारण तीन प्रकारे चालतं. नेहमीचं तीन-चार तासांचं. सहा ते बारा तास हळूहळू चालणारं, ज्याला अनेक ठिकाणी स्लेड म्हणतात. आणि चोवीस तास अखंड चालणारं सीआरआरटी. समजा ७० किलोच्या रुग्णातून निव्वळ २४०० मिली पाणी कमी करायचं आहे. चार तासांत काढलं तर तासाला ६०० मिली. बारा तासांत २०० मिली. चोवीस तासांत १०० मिली. वजनाच्या हिशोबात हेच तासाला दर किलोमागे साधारण ८.६, २.९ आणि १.४ मिली होतं. पाणी तेवढंच, पण शरीरावरचा ताण सहापट वेगळा. म्हणून ज्याचं बीपी औषधांवर टिकून आहे त्याच्यासाठी डॉक्टर बहुधा हळू चालणारी पद्धत निवडतात. मेंदूला सूज असेल तर ही निवड आणखी पक्की होते, कारण चार तासांच्या डायलिसिसमध्ये युरिया झपाट्याने उतरतो, रक्तात विरघळलेले घटक कमी होतात आणि पाणी उलट पेशींमध्ये, मेंदूच्याही पेशींमध्ये, शिरू लागतं.

वेगाची मर्यादा किती? दीर्घकाळ डायलिसिसवर असलेल्या बाहेरच्या रुग्णांसाठी तासाला दर किलोमागे १३ मिली ही धोक्याची रेघ बऱ्याच काळापासून सांगितली जाते. अत्यवस्थ रुग्णांसाठी ती कितीतरी खाली आहे. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये सुमारे १५०० रुग्णांवर सीआरआरटीची एक मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २००९ साली आले. तिच्या नोंदी पुन्हा तपासून २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात असं दिसलं की तासाला दर किलोमागे १.७५ मिलीहून जास्त वेगाने पाणी काढलेल्यांची जगण्याची शक्यता १.०१ मिलीहून कमी वेगाने काढलेल्यांपेक्षा कमी होती. म्हणजे हळू काढलेलं बरं? थांबा. त्याच्या एक वर्ष आधी, २०१८ साली, दुसऱ्या एका रुग्णसमूहाचं विश्लेषण आलं होतं. त्यात पाच टक्क्यांहून जास्त पाणी साचलेल्या रुग्णांमध्ये दिवसाला दर किलोमागे २५ मिलीहून जास्त काढणं हे कमी मृत्यूंशी जोडलेलं आढळलं. दिवसाला २५ म्हणजे तासाला एक मिलीच्या किंचित वर. फार हळू गेलं तर साचलेलं पाणी छळतं, फार जोरात गेलं तर रक्तपुरवठा तुटतो. दोन्ही अभ्यास शेजारी ठेवले तर मधली वाट अशी दिसते.

पण हे दोन्ही मागे वळून पाहणारे अभ्यास आहेत. कुणाला वेगाने काढायचं आणि कुणाला हळू, हे चिठ्ठी टाकून ठरवलेलं नव्हतं. त्यामुळे १.७५ ला लक्ष्मणरेषा मानू नये. माझ्या मते या आकड्यांचा खरा उपयोग सुरुवात कुठून करायची हे ठरवण्यापुरता आहे. पुढचा वेग रुग्ण स्वतः सांगतो, ऐकणारं कुणी असेल तर.

यंत्राला काय माहीत नसतं

सीआरआरटीचं यंत्र पाणी कसं मोजतं, ते अनेकदा आयसीयूत रोज ये-जा करणाऱ्यांनाही नीट ठाऊक नसतं. यंत्राला तराजू असतात. शुद्ध द्रवाच्या पिशव्या एका बाजूला, रुग्णातून आलेला टाकाऊ द्रव दुसऱ्या बाजूला. जितका द्रव यंत्राने स्वतः वापरला त्याहून जितका जास्त टाकाऊ पिशवीत आला, तितकं पाणी रुग्णातून निघालं. हा हिशोब चोख असतो, पण तो फक्त यंत्राच्या पिशव्यांचा असतो. सिस्टरने हातातल्या शिरेतून अँटिबायोटिक दिलं, नाकातल्या नळीतून अन्न गेलं, पोटातल्या ड्रेनमधून २०० मिली बाहेर आलं, यातलं काहीच यंत्राला कळत नाही.

म्हणून दर तासाला एक बेरीज-वजाबाकी हाताने करावी लागते. समजा या तासात रुग्ण निव्वळ १०० मिलीने कमी व्हायला हवा. औषधं आणि अन्न मिळून १४० मिली आत जाणार आहे, लघवी १० मिली झाली आहे. मग यंत्रावर २३० मिली लावायचे: आत जाणारे १४० भरून काढायला, वर १०० खरोखर कमी करायला, त्यातून लघवीचे १० वजा. पुढच्या तासात रक्ताची पिशवी चढवायची असेल तर आकडा पुन्हा बदलणार. कुणी फक्त यंत्रावरचा २३० पाहून चोवीस तासांत साडेपाच लिटर निघाले असं नातेवाइकांना सांगितलं, तर प्रत्यक्षात कमी झालेले असतात दोन-अडीच लिटर. उलटही घडतं. अन्न काही कारणाने चार तास बंद ठेवलं, पण यंत्रावरचा आकडा तसाच राहिला, तर तेवढं पाणी नकळत जादा निघून जातं.

आणखी एक गोष्ट. सीआरआरटीची नेहमीची मात्रा, म्हणजे रक्त साफ करण्यासाठी यंत्रातून जाणारा एकूण द्रव, तासाला दर किलोमागे २० ते २५ मिली असते. ७० किलोला २५ च्या हिशोबाने तासाला १७५० मिली, दिवसाला ४२ लिटर द्रव यंत्रातून टाकाऊ पिशव्यांत जातो. योगायोगाने माणसाच्या अंगातल्या एकूण पाण्याइतकाच! एवढ्या मोठ्या उलाढालीत तराजू एका टक्क्याने चुकला तरी दिवसाला ४२० मिलीचा फरक पडतो. पिशवी कशाला तरी टेकली, नळीला पीळ पडला, क्लॅम्प उघडायचा राहिला, की तराजू फसतो आणि यंत्र ओरडतं. हे अलार्म सारखे वाजतात, कामात खोळंबा होतो, आणि बटण दाबून पुढे जायचा मोह होतो. कारण न शोधता असे अलार्म वारंवार बंद केल्यामुळे प्रमाणाबाहेर पाणी निघून रुग्ण दगावल्याच्या घटना या शतकाच्या पहिल्या दशकात अमेरिकेत नोंदल्या गेल्या, आणि त्यानंतर यंत्रांमध्ये अलार्म किती वेळा डावलता येईल यावर बंधनं आली. बटण दाबण्यापूर्वी खाली वाकून पिशव्या पाहणं हे कंटाळवाणं काम आहे, पण त्याला पर्याय नाही.

वसुलीचा मोहही असाच. रुग्णाला सीटी स्कॅनला नेलं, किंवा फिल्टरमध्ये गुठळी झाली आणि यंत्र तीन तास बंद राहिलं. दिवसाचं लक्ष्य गाठायचं म्हणून उरलेल्या तासांत वेग दुप्पट केला जातो. झऱ्यांना आपल्या वेळापत्रकाशी काही देणंघेणं नसतं. राहिलेलं पाणी उद्या काढावं.

नजर कशावर ठेवायची

सगळ्यात आधी बीपी. आयसीयूत ते बहुधा धमनीतल्या नळीवर सतत दिसतं, आणि सरासरी दाब ६५ च्या वर ठेवण्याचा प्रयत्न असतो. पण बीपी हा उशिरा बोलणारा साक्षीदार आहे. शरीर आणि औषधं मिळून बराच वेळ तो आकडा सावरून धरतात. म्हणून अनुभवी सिस्टर बीपीच्या जोडीने नॉरअ‍ॅड्रेनलिनचा, म्हणजे बीपी टिकवणाऱ्या औषधाचा, वेग पाहते. सकाळी बीपी ७० आणि औषध ५ च्या वेगाने. दुपारी बीपी ७० च, पण औषध ९ वर. मॉनिटरवर सगळं हिरवं दिसतं, प्रत्यक्षात विहीर खाली चालली आहे. पाणी काढण्याचं लक्ष्य गाठण्यासाठी बीपीचं औषध वाढवत नेणं कधी नाइलाजाने करावं लागतं, विशेषतः फुफ्फुसं पाण्याने भरली असतील तर. पण तो उघड्या डोळ्यांनी घेतलेला निर्णय असायला हवा, नकळत घडलेली गोष्ट नव्हे.

त्वचा पाहावी. बोटाचं टोक दहा सेकंद दाबून सोडलं की रंग परत यायला तीन सेकंदांहून जास्त लागतात का? गुडघ्यांभोवती जांभळट जाळी उमटली आहे का? पावलं तासाभरापूर्वी कोमट होती, आता गार लागतात का? या तपासण्यांना यंत्र लागत नाही आणि त्या आश्चर्यकारक रीतीने उपयोगी ठरतात. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत सेप्टिक शॉकच्या उपचाराची दिशा बोटाच्या या साध्या तपासणीवरून ठरवणं आणि रक्तातल्या लॅक्टेटवरून (रक्तपुरवठा अपुरा पडला की वाढणारा एक घटक) ठरवणं यांची तुलना झाली. बोटाची तपासणी कुठेही कमी पडली नाही. लॅक्टेट चढू लागलं तर तीही खूण आहे, फक्त ती बोटानंतर काही वेळाने दिसते. नाडी वाढणं, ठोके अनियमित होणं हेही बघावं, पण नाडी मंद ठेवणारी औषधं चालू असतील तर ती वाढणारच नाही, हे विसरू नये.

पाणी काढायला सुरुवात करण्यापूर्वी एक छान युक्ती वापरता येते. रुग्णाचे पाय काही क्षण वर उचलायचे. पायांतलं काहीशे मिली रक्त हृदयाकडे धावतं. त्याने हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्ताचं प्रमाण स्पष्ट वाढलं, तर हृदय आणखी द्रव मागतंय, म्हणजे आता पाणी काढलं तर बीपी पडण्याची शक्यता जास्त. काहीच फरक पडला नाही तर काढायला वाव आहे. मात्र फरक रक्तप्रवाह मोजूनच ठरवावा लागतो, नुसत्या बीपीवरून तो चुकू शकतो.

अल्ट्रासाउंडने चित्र आणखी स्पष्ट होतं. फुफ्फुसावर प्रोब ठेवला की साचलेलं पाणी उभ्या चमकदार रेषांसारखं दिसतं आणि पाणी कमी होत गेलं की त्या रेषाही विरळ होतात. पोटातली मोठी शीर फुगलेली आहे का, यकृत, आतडी आणि मूत्रपिंड यांच्या शिरांमधला प्रवाह अडखळतोय का, हे एकत्र पाहून शिरांमध्ये रक्त किती तुंबलंय ते मोजण्याची व्हेक्सस नावाची पद्धत २०२० पासून चर्चेत आहे. ती शिकायला वेळ लागतो, आणि हृदयाची उजवी बाजू आधीच बिघडलेली असेल तर निष्कर्ष जपून काढावे लागतात. काही यंत्रांवर रक्त किती दाट होतंय ते प्रकाशकिरणांनी सतत मोजणारा सेन्सरही असतो. पाणी निघून झरे मागे पडले की रक्त दाट होतं, हे तर्काला धरून आहे. पण अत्यवस्थ रुग्णांत हा सेन्सर बीपी पडण्याची आगाऊ सूचना भरवशाने देत नाही, कारण तिथे बीपी पडण्याची कारणं पाण्यापुरती मर्यादित नसतात.

वजनाबद्दल दोन शब्द. एक लिटर म्हणजे एक किलो, तेव्हा वजनाइतका सरळ पुरावा दुसरा नाही असं वाटतं. आयसीयूच्या खाटांना वजनकाटा असतोही. पण खाटेवर जादाची उशी आली, ओल्या चादरी बदलल्या, लघवीची भरलेली पिशवी खाटेला टांगलेली राहिली, की दोन किलो इकडचे तिकडे. शिवाय अंथरुणाला खिळलेल्या माणसाचे स्नायू झपाट्याने झिजतात, म्हणजे वजन तेवढंच राहिलं तरी पाणी वाढलेलं असू शकतं. रोज त्याच वेळी, त्याच सामानासह वजन घेतलं आणि चार्टशी ताडून पाहिलं तर ते कामाचं. एकटं नाही.

बीपी पडलं, आता?

पहिली गोष्ट: पाणी काढणं शून्यावर आणायचं. रक्त शुद्ध करणं चालू ठेवता येतं, ते थांबवायची बहुतेक वेळा गरज नसते. नातेवाइकांना "आज काढलं नाही" हे ऐकायला मिळतं ते बऱ्याचदा अशा दिवशी, आणि तो निर्णय बहुधा शहाणपणाचा असतो.

दुसरी गोष्ट: कारण शोधायचं. बीपी डायलिसिस चालू असताना पडलं म्हणून ते जादा पाणी निघाल्यामुळेच पडलं असं नसतं. यंत्र जोडल्या जोडल्या पहिल्या काही मिनिटांत पडलं तर पाणी निघालेलंच नसतं. रक्त नळ्या आणि फिल्टर भरायला बाहेर गेलेलं असतं. रक्त गोठू नये म्हणून सायट्रेट वापरत असतील तर कॅल्शियम कमी झालं असेल. नवा जंतुसंसर्ग, हृदयाचे बिघडलेले ठोके, कुठेतरी रक्तस्राव, नुकताच वाढवलेला झोपेच्या औषधाचा डोस, किंवा बीपीच्या औषधाची संपलेली सिरिंज! दर वेळी २५० मिली सलाईन देऊन बीपी वर आणायचं आणि मग तेच २५० पुन्हा काढायला निघायचं, हा खेळ दिवसभर चालू शकतो आणि त्यातून मिळत काही नाही.

आधीच काळजी घेण्याचे उपाय साधे आहेत. फ्रान्समध्ये २००० साली एका आयसीयूने चार-सहा तासांच्या डायलिसिससाठी काही नियम ठरवून त्यांचे परिणाम प्रसिद्ध केले होते: डायलिसिसच्या द्रवात सोडियम १४५ च्या आसपास, द्रवाचं तापमान ३५ अंशांपर्यंत खाली, दोन्ही नळ्या सलाईनने भरून एकदमच जोडणं, आणि पाणी काढण्याचा वेग आवरता ठेवणं. बीपी पडण्याचे प्रसंग त्यांच्याकडे कमी झाले. गार द्रवाने रक्तवाहिन्या आवळल्या जातात, जास्त सोडियममुळे पाणी पेशींमध्ये न पळता रक्तात राहतं. रुग्णाला थंडी वाजते ती या गार द्रवामुळे. आणि एक सावधगिरीही: यंत्रामुळे अंग गार राहिलं की ताप झाकला जातो, नवा संसर्ग उशिरा लक्षात येतो.

नातेवाइकांना रोज विचारण्यासारखे प्रश्न यातूनच निघतात. आत-बाहेर धरून निव्वळ किती कमी झालं? त्यासाठी बीपीचं औषध वाढवावं लागलं का? भरतीपासूनची एकूण शिल्लक किती आहे? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर तयार असेल तर समजावं की चार्ट कुणीतरी खरोखर वाचतंय.

एवढं जपून का वागायचं, तर दर वेळी बीपी पडलं की त्याचा फटका वेगवेगळ्या अवयवांना बसतो. डायलिसिसदरम्यान हृदयाच्या स्नायूचे काही भाग तात्पुरते नीट आकुंचन पावत नसल्याचं इकोवर दिसलेलं आहे. आतड्यांचा रक्तपुरवठा तुटू शकतो. आणि मूत्रपिंड, ज्याच्यासाठी हे सगळं चाललंय, ते निरोगी असताना बीपी थोडं खाली-वर झालं तरी आपला रक्तपुरवठा स्वतः सांभाळतं. इजा झाल्यावर ही ताकद बरीचशी जाते, आणि बीपीतली प्रत्येक घसरण थेट त्याच्यापर्यंत पोचते.

ते सुधारू लागलं की पहिली खूण लघवीच्या पिशवीत दिसते. लघवी वाढवणारं औषध न देता दिवसाला ४००-५०० मिलीच्या आसपास लघवी होऊ लागली, तर सीआरआरटी थांबवून पाहण्याचा विचार सुरू होतो. या टप्प्यावर पाणी काढण्याचा जोर आधीच कमी करावा लागतो, नाहीतर यंत्र पाणी ओढून घेतं आणि मूत्रपिंडाकडे लघवी करायला काही उरत नाही. मग लघवी का होत नाही म्हणून यंत्र चालूच राहतं. कुणाची लघवी अजून अपुरी असेल आणि आयसीयूतून वॉर्डात जायचं असेल तर त्याला दिवसाआड चार तासांच्या डायलिसिसवर नेतात. जो माणूस काल तासाला १०० मिली आरामात सोसत होता त्याच्यासमोर अचानक तासाला ५०० मिलीचा हिशोब उभा राहतो. त्यामुळे बदल करण्यापूर्वी औषधं शक्य तितक्या कमी द्रवात द्यायची, नको असलेली सलाईन बंद करायची, आणि पहिल्या एक-दोन वेळा लक्ष्य मुद्दाम लहान ठेवायचं. दोन डायलिसिसच्या मधल्या दिवसात आत जितकं कमी जाईल, तितकं त्या चार तासांत ओढावं लागणारं पाणी कमी.